पीजे हार्वी: जमलेलं सोडून देण्याचं करिअर

फाटका_स्पीकर

शोधून पाहिलं, पीजे हार्वीवर इथे स्वतंत्र धागा नाही. रेडिओहेड बँडवर ढीगभर आहेत, त्यातला एक माझाच. म्हणून हा काढतोय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. पॉली जीन हार्वी, जन्म १९६९, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडचा डॉर्सेट परगणा. वडिलांचा दगडखाणीचा धंदा, आई शिल्पकार, दारात मेंढ्या. गाते, गिटार वाजवते, गाणी स्वतःच लिहिते. १९९२ साली पहिला अल्बम 'ड्राय', १९९३ ला 'रिड ऑफ मी'. गिटार, बेस, ड्रम्स असं तिघांचं बिऱ्हाड आणि त्यातून निघालेला तो आवाज. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, यू-टू या बड्या बँडच्या कार्यक्रमांत त्यांच्या आधी वाजवायला बोलावलं गेलं.

आणि त्याच वर्षी हिने बँड मोडला.

१९९५ च्या 'टू ब्रिंग यू माय लव्ह'मध्ये ऑर्गन, संथ ब्लूज, लाल झगा, भडक मेकअप. तो चालला. मग १९९८ ला 'इज धिस डिझायर?', कुजबुजता, इलेक्ट्रॉनिक, अंधारा. २००० साली 'स्टोरीज फ्रॉम द सिटी, स्टोरीज फ्रॉम द सी', चकचकीत, मोकळाढाकळा रॉक, त्याला मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे तिकडचा वर्षातल्या उत्तम अल्बमचा मान. पुढचा 'उह हह हर' मुद्दाम ओबडधोबड, ड्रम्स सोडून सगळं स्वतः वाजवलेलं. २००७ च्या 'व्हाइट चॉक'ला तर गिटार जवळपास खुंटीला आणि नुकताच शिकायला घेतलेला पियानो पुढ्यात, तोही स्वतःच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खूप वर गात. २०११ ला 'लेट इंग्लंड शेक', हातात ऑटोहार्प, म्हणजे छातीशी धरून छेडायचं तंतुवाद्य.

प्रश्न असा: जे जमलंय, जे विकलं जातंय, ते दर वेळी सोडून द्यायचं याला धाडस म्हणायचं की हे तिला परवडत होतं म्हणून झालं? आणि असं करूनही तीसेक वर्षं टिकायचं कसं?

ठाणेकर_मावशी

मी 'पीजे' वाचून पांचट जोकांचा धागा समजून धावत आले. निराशा झाली आहे. तरी वाचतेय.

नदीकाठ

धाडस वगैरे कशाला? कंटाळा म्हणा. काही लोकांना तीच भाजी सलग दोन दिवस घशाखाली उतरत नाही, त्यातली ती.

तंबोरा

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, त्यामुळे 'रिड ऑफ मी'वर बोलल्याशिवाय राहवणार नाही.

मुद्रण डिसेंबर १९९२, मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स गावाबाहेरचा पॅकिडर्म स्टुडिओ, मुद्रक स्टीव्ह अल्बिनी. हा माणूस स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे. ठरलेली मजुरी घ्यायचा, रॉयल्टी नाही. गवंड्याने घर बांधलं म्हणून भाड्यात वाटा मागू नये असं त्याचं साधारण मत. मे २०२४ मध्ये गेला. त्याची पद्धत म्हणजे बँडला एका खोलीत एकत्र वाजवायला लावायचं आणि माइक फक्त वाद्याच्या तोंडाशी न ठेवता खोलीत लांबही ठेवायचे, म्हणजे ड्रमबरोबर खोलीची हवाही टेपवर येते. वर हलका आवाज उचलून आणि मोठा दाबून सगळं सपाट करायचं, हे त्याला मान्य नव्हतं.

परिणाम ऐकायचा असेल तर पहिलंच गाणं लावा. गिटारच्या तारा तळहाताने दाबून ठेवलेल्या, नुसती टकटक. ती दात आवळून गातेय. तुम्हाला वाटतं आवाज कमी आहे, म्हणून तुम्ही नॉब फिरवता. दोनेक मिनिटं हेच चालतं आणि मग अख्खा बँड अंगावर येतो. हेडफोनवर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी कधीच सावध करत नाही.

लगेच पुढे, फेब्रुवारी १९९३ मध्ये, त्याच स्टुडिओत त्याच अल्बिनीकडे निर्वाणा बँडने 'इन युटेरो' अल्बम केला. त्यांचा गायक कोबेन, त्याच्या आवडत्या अल्बमांच्या हस्तलिखित यादीत 'ड्राय' आहेच.

कोकणकडा

तंबोरा, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत. अल्बिनीने तिचा आवाज गाडला. शब्द ऐकायला कान ताणावे लागतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला '४-ट्रॅक डेमोज' ऐका. तीच बरीचशी गाणी, एकटीने घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेली. बाई समोर बसून भांडतेय असं वाटतं. स्टुडिओतल्या आवृत्तीत ती शेजारच्या इमारतीतून भांडते.

तंबोरा

शेजारच्या इमारतीतलं भांडण जास्त लक्ष देऊन ऐकलं जातं, साहेब.

आळशी_मांजर

+१, आमच्या सोसायटीत हे सिद्ध झालेलं आहे.

मुचकुंदी

टिकण्याचा प्रश्न आलाय तर तिच्या पहिल्या कार्यक्रमाचा किस्सा सांगायलाच हवा. तिनेच मुलाखतीत सांगितलेला आहे. १९९१, एका खेड्यातलं स्किटल्स (चेंडूने लाकडी खुंट पाडायचा खेळ) खेळायचं सभागृह, पन्नासेक माणसं. पहिलं गाणं संपेतो सभागृह रिकामं, दोनेक टाळकी उरली. मग गाणं चालू असतानाच एक बाई थेट ड्रमरपाशी आली आणि ओरडून म्हणाली, तुम्ही कुणालाच आवडत नाही आहात, कळत नाही का? थांबा, पैसे देतो तुमचे, पण थांबा!

ज्या बँडला थांबायचे पैसे मिळत होते, त्याचा दुसऱ्या वर्षीचा अल्बम पुढे सगळ्या थोरांच्या याद्यांत गेला.

ठाणेकर_मावशी

आमच्या गणपतीच्या ऑर्केस्ट्राला ही योजना लागू करता येईल का?

आडवातिडवा

मूळ प्रश्नाकडे. परवडतं म्हणूनच. वडिलांची खाण, घरी वातावरण. आईवडील जबरदस्त रसिक, कॅप्टन बीफहार्ट, हाउलिन वुल्फ, डिलन असे अमेरिकन गायक घरात वाजायचे. रोलिंग स्टोन्सचा पियानोवाला इयन स्टुअर्ट त्यांच्या ओळखीचा. लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात शिल्पकलेसाठी जागा मिळालेली, म्हणजे गाणं नाही चाललं तरी हात रिकामे राहणार नव्हते. पुढे आयलंडसारखी मोठी रेकॉर्ड कंपनी, मॅनेजर यू-टूवाला पॉल मॅकगिनेस. एवढी गादी खाली असेल तर मीही उड्या मारीन.

नदीकाठ

तुम्ही मारून दाखवा, आम्ही व्हिडिओ काढतो.

सुरुची_ब

आडवातिडवा, गादीचं चित्र इतकं मऊ नाही. 'ड्राय'च्या वेळी आयलंड नव्हतीच, 'टू प्युअर' नावाची लंडनची लहानशी कंपनी होती आणि अल्बम फुटकळ पैशात झाला. तो गाजल्यावर लंडनमध्ये राहून पोरीची तब्येत पार ढासळली, मानसिकही आणि शारीरिकही. तेव्हा ती जेमतेम बावीस-तेवीसची. ती गावाकडे परतली, समुद्रकाठी एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि तिथे 'रिड ऑफ मी'ची बरीच गाणी लिहिली. बीफहार्टची तबकडी घरात वाजणं वेगळं आणि त्या अवस्थेतून उठून तो अल्बम लिहिणं वेगळं. घरी पुस्तकं असलेल्या सगळ्यांच्या कादंबऱ्या होत नाहीत.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

आमची ओळख अर्थातच केबलवरची. नव्वदीतली रात्र, 'डाउन बाय द वॉटर'चा व्हिडिओ. लाल सॅटिनचा झगा, डोळ्यांवर निळा थर, आणि बाई पाण्याखाली हातवारे करतेय. आजी जागी होती. म्हणाली, "अरे ती बुडतेय, कुणी काढत का नाही तिला?" त्या गाण्यात कोण कुणाला बुडवतं हे मी आजीला कधी सांगितलं नाही.

मग कॅसेट शोधायला मुंबईत काळा घोड्याला, ऱ्हिदम हाऊस. काउंटरवरच्या माणसाला आवाजाचं वर्णन करून सांगायचं आणि तो न हसता बरोबर कप्प्याकडे जायचा. २०१६ ला ते दुकान बंद झालं, त्यावर वेगळा धागा आहे, इथे रडत नाही.

गिटारवाला_गुरव

बाई गिटारवादक म्हणून कशी, यावर कुणी बोलेना. म्हणून मी.

सोलो शोधत असाल तर घरी जा. सोलो नाहीतच. तिचं सगळं उजव्या हातात आहे. जाड, तुटक रिफ (म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा), त्यात एखादी मात्रा अशी गिळलेली की पायाने ठेका धरणारा तोंडघशी पडतो. त्यात रॉब एलिसचे ड्रम्स सरळ चालतील तर शपथ. 'ड्राय' नीट मोजत ऐका, मग समजेल की अवघड ते वाटतं तिथे नसून भलतीकडेच आहे. मी शिकवणीला येणाऱ्या पोरांना झपझप सोलो येतात म्हणून खूश असलेलं पाहिलं की हिचा एक रिफ देतो. दोन स्वर, काहीही नाही. आठवडाभर बसत नाही कुणाला.

शिवाय तिचं पहिलं वाद्य गिटार नव्हेच, सॅक्सोफोन. शाळेपासूनचं. 'लेट इंग्लंड शेक'मध्ये तो परत आला, आणि २०१६-१७ च्या दौऱ्यात तर जवळजवळ सगळा वेळ गळ्यात सॅक्सोफोन. गिटारसाठी तिकीट काढलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे असणार.

कोकणकडा

म्हणजे पुन्हा तेच. लोक ज्यासाठी येतात तेच घरी ठेवून यायचं.

आळशी_मांजर

भोळा प्रश्न: तिच्या बँडमधला मिक हार्वी तिचा भाऊ का?

सुरुची_ब

नाही हो. तो ऑस्ट्रेलियन, गायक निक केव्हच्या बॅड सीड्स बँडमध्ये २००९ पर्यंत होता. नुसतं आडनाव सारखं. सगळे कुलकर्णी भाऊ असते तर आमच्या लग्नाची पंगत उठली नसती.

साताऱ्याचा_सुभेदार

मी रॉकवाला नाही. मुलाने गाडीत 'लेट इंग्लंड शेक' लावला आणि सातारा येईपर्यंत बंद करू दिला नाही, एवढाच माझा अधिकार.

आमच्या भागात बऱ्याच गावांत एक पांढरी संगमरवरी पाटी असते. या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. इंग्रजीत, नावं नाहीत, नुसते आकडे. आमच्याकडे ती चावडीच्या भिंतीत आहे आणि दर रंगकामाला तिच्या कडेवर चुन्याचा हात फिरतो, त्यामुळे पाटी दरवर्षी थोडी लहान होत चाललीये. जवळच्या अपशिंग्याला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. मराठा पलटणी पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या, १९१६ मध्ये कुतला वेढ्यात उपाशी राहिल्या, शरण गेल्या, कैदेत मेल्या.

या बाईचं गाणं त्याच महायुद्धातल्या, तुर्कस्तानच्या गॅलिपोलीचं आहे, कुतचं नाही, आणि ती बोलते इंग्लंडबद्दल. पण ऐकताना मला जे पटलं ते असं की ती रडत नाही. सूर उलट हलका, जवळजवळ नाचायला लावणारा. आणि त्यावर शब्द झाडाला लटकलेल्या हातापायांचे. एका गाण्यात मध्येच घोडदळाचा बिगुल वाजतो, तालाला सोडून, भलत्याच पट्टीत. पोराला वाटलं टेपची चूक आहे. मी फौजेत होतो. बिगुल कधीच तुमच्या तालात वाजत नाही.

मुचकुंदी

सुभेदार, सलाम.

त्याच्या जोडीला: हा अल्बम डॉर्सेटमधल्या एका टेकडीवरच्या चर्चमध्ये, पाच आठवड्यांत, सगळ्यांनी एकत्र वाजवून झाला. अल्बम यायच्या आधी, एप्रिल २०१० मध्ये, तिने शीर्षकगीत बीबीसीच्या रविवार सकाळच्या राजकीय कार्यक्रमात एकटीने ऑटोहार्पवर गायलं. त्या दिवशीचा पाहुणा पंतप्रधान गॉर्डन ब्राउन. इंग्लंडला हलवा म्हणणारं गाणं आणि समोर देश चालवणारा माणूस, तोही निवडणुकीच्या तोंडावर.

याच अल्बमला दुसरी मर्क्युरी. दोनदा मिळालेली ती आजवर एकटीच. पहिली मिळाली त्याची तारीख होती ११ सप्टेंबर २००१. ती वॉशिंग्टनमध्ये होती, हॉटेलच्या खिडकीतून पेंटागॉन जळताना दिसत होतं, आणि फोनवर तिला सांगितलं गेलं की न्यूयॉर्कचं वारं लागलेल्या तुझ्या अल्बमला बक्षीस मिळालंय.

आडवातिडवा

इथपर्यंत ठीक. पण २०१६ चा 'होप सिक्स डिमॉलिशन प्रोजेक्ट'? त्याचं काय करायचं? छायाचित्रकार शेमस मर्फीबरोबर कोसोव्हो, अफगाणिस्तान, वॉशिंग्टनच्या गरीब वस्त्या फिरायच्या, वहीत टिपायचं, घरी येऊन गाणी करायची. होप सिक्स ही अमेरिकेतली सरकारी योजना: मोडकळीला आलेल्या सरकारी चाळी पाडायच्या, नवी घरं बांधायची, आणि जुन्या रहिवाशांपैकी सगळे परत येत नाहीत. त्यावर गाणं केलं, तर तिथलेच लोकप्रतिनिधी भडकले. तिथे लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनेही तिला सुनावलं. बरोबरच आहे. काचा वर करून गाडीतून वस्ती बघितली आणि निकाल दिला.

गंमत म्हणजे ती गाडी चालवणारा वॉशिंग्टन पोस्टचा वार्ताहर होता आणि मागे बसून लिहिणारी शांत बाई कोण हे त्याला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

झोपु_ग्रस्त

मी एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत राहतो, वीस मजली, लिफ्ट चालू असेल त्या दिवशी. आमच्यावर अनेकांनी लिहिलंय, माहितीपटही झालेत, सगळे दुपारी येऊन संध्याकाळी गेले. त्यामुळे आडवातिडवांचा राग समजतो.

तरीही ते गाणं मला खोटं वाटत नाही. ते जवळजवळ सगळं गाडी चालवणाऱ्याचंच बोलणं आहे: इथे अमुक होतं, तिथे आता तमुक होणार. शेवटी कोरस एकच ओळ घोळवतो की इथे वॉलमार्ट येणार. आणि अल्बम बाजारात येण्याआधीच, जानेवारी २०१६ मध्ये, वॉलमार्टने त्या भागातली दुकानं रद्द केली. आमच्या बिल्डरनेही माहितीपत्रकात बगीचा दाखवला होता. माझी तक्रार वेगळी: त्या वस्तीतलं कुणी त्या गाण्यात स्वतः बोलत नाही.

फाटका_स्पीकर

झोपु_ग्रस्त, हे लाख बोललात. हा तिचा एकमेव अल्बम जो इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला, आणि मला तोच सर्वांत कमी ऐकावासा वाटतो. मुद्रण लंडनच्या सॉमरसेट हाऊसमध्ये काचेच्या खोलीत झालं होतं. प्रेक्षक तिकीट काढून बाहेरून बघणार, आतल्यांना ते दिसणार नाहीत. तेव्हा ते कलाप्रदर्शन म्हणून गाजलं. वॉशिंग्टनच्या गाडीची काच आठवल्यावर मला ते आता वेगळंच दिसतं.

ठाणेकर_मावशी

धागा गंभीर झालेला आहे. पीजे टाकू का?

नदीकाठ

नको.

तंबोरा

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला: टिकली कशी. सगळे म्हणताहेत ती सगळं बदलते. श्रेयनामावल्या काढून बघा. जॉन पॅरिश. १९८८ साली ती त्याच्या 'ऑटोमॅटिक ड्लामिनी' बँडमध्ये गेली, अठरा-एकोणीसची असताना. १९९६ आणि २००९ ला दोघांनी मिळून अख्खे अल्बम केले, चाली त्याच्या, शब्द आणि गाणं हिचं. २०२३ च्या 'आय इनसाइड द ओल्ड इयर डाइंग'वरही पॅरिश आहेच. निर्माता फ्लड १९९५ पासून २०२३ पर्यंत येऊन-जाऊन. रॉब एलिस बँड मोडल्यावरही परत परत. ड्रमर जाँ-मार्क ब्युटी १९९५ च्या दौऱ्यापासून.

म्हणजे वाद्य, पट्टी, कपडे, विषय सगळं बदललं, पण खोलीतली माणसं तीच. नवं वाद्य घेऊन अनोळखी लोकांसमोर बसलात तर तुम्ही सावध वाजवता. तीस वर्षं ओळखणाऱ्या माणसासमोर बेसूर वाजवायला लाज वाटत नाही. मी स्टुडिओत हे रोज बघतो. भाड्याचे उत्तम वादक आणा, गायिका स्वतःच्या जमलेल्या जागा सोडत नाही. तिचा जुना तबलजी बोलवा, ती भलतंच काहीतरी करून बघते.

सुरुची_ब

आणि गावही तेच. २०२२ चं तिचं 'ऑरलम' हे काव्य डॉर्सेटच्या जुन्या बोलीत आहे, मेंढ्या आणि रानातलं, आणि पुढचा अल्बम त्यातूनच निघालाय. जग फिरून झाल्यावर शेवटी परसात.

आडवातिडवा

तंबोरांचं पटतंय, पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. तीच माणसं तीस वर्षं धरून ठेवायची तर त्यांना पैसे द्यावे लागतात. गादी आहेच, फक्त ती वडिलांच्या खाणीतून आलेली नाही, एवढी दुरुस्ती मान्य.

तंबोरा

दुरुस्ती मान्य झालेला या संस्थळावरचा पहिला प्रतिसाद. मुख्य पानावर घ्या.

गिटारवाला_गुरव

मला एवढं सोपं वाटत नाही. तीच माणसं घेऊन तोच अल्बम पंधरा वेळा काढणारे बँड डझनाने आहेत. सोबतीने धीर येतो, पण सोडायचं काय हे सोबती सांगत नाहीत. पियानो येत नसताना पियानोवर बसायचं तिचं तिनेच ठरवलं असणार.

नवखी_०७

पूर्ण धागा वाचला, एकही गाणं ऐकलेलं नाही. कुठून सुरू करू?

कोकणकडा

'४-ट्रॅक डेमोज'.

तंबोरा

'रिड ऑफ मी'. आवाज वाढवून.

सुरुची_ब

दोघांचंही ऐकू नका. 'स्टोरीज फ्रॉम द सिटी' लावा, त्यात रेडिओहेडचा टॉम यॉर्कही गातो, घरातलं कुणी दचकणार नाही. मग 'लेट इंग्लंड शेक'. बाकीचे भांडण झाल्यावर.

साताऱ्याचा_सुभेदार

गाडीत ऐका. सातारा रोडला नको, खंबाटकीत कोंडी असते.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

आणि निक केव्हबरोबरच्या 'हेन्री ली'बद्दल एक अक्षर नाही? १९९६, हिरवी भिंत, दोघं काळ्या कपड्यांत, चार मिनिटं...

फाटका_स्पीकर

त्याला वेगळा धागा काढा. इथे आलं तर निक केव्हवाले येतील आणि मग पान उघडायला दहा मिनिटं लागतील.